घरीच हायस्कूल: नववीपासून कॉलेज प्रवेशापर्यंतची आखणी

आठवीपर्यंत मुलाला घरी शिकवणं हा घरातला मामला असतो. नववी लागली की त्यात एक तिसरा माणूस येऊन बसतो: चार वर्षांनी कुठल्यातरी कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसात तुमच्या मुलाची फाइल उघडणारा. तो तुम्हाला ओळखत नाही, तुमच्या घरातली पुस्तकांची कपाटं त्याने पाहिलेली नाहीत, आणि एका फाइलला द्यायला त्याच्याकडे फार वेळही नसतो. अमेरिकेत मुलांना घरी शिकवणारी जी मराठी कुटुंबं मला भेटतात, त्यांचं शिकवणं मनापासून असतं. पण ते या माणसापर्यंत पोचवायचं कसं, हा विचार बहुतेकांच्या मनात अकरावी संपता संपता येतो, आणि तोवर बऱ्याच गोष्टी हातातून गेलेल्या असतात. माझी मुलगी याच वाटेने कॉलेजला गेली, मुलगा आता दहावीत आहे. तिच्या वेळी जे उपयोगी पडलं आणि जे राहून गेलं, ते इथे क्रमाने मांडते.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. घरच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चार वर्षांच्या गुणपत्रकावर, आईने दिलेला ‘ए’ हा शेवटी आईने दिलेला ‘ए’ असतो, तो शंभर टक्के खरा असला तरी. म्हणून चार वर्षांत गणित, विज्ञान, इंग्रजी अशा प्रत्येक मुख्य विषयाला एकदा तरी तिऱ्हाईताची साक्ष मिळाली पाहिजे. ती परीक्षेची असेल, कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे स्थानिक दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातल्या, वर्गाची असेल किंवा घराबाहेरच्या एखाद्या शिक्षकाच्या पत्राची असेल. आखणी करताना दर वर्षी स्वतःला एकच विचारायचं: यंदा कोणत्या विषयाची साक्ष मिळणार आहे?

पहिली पायरी: आपल्या राज्याचा नियम

घरी शिकवणं पन्नासही राज्यांत कायदेशीर आहे, पण प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी. टेक्सासमध्ये जवळजवळ काहीच कळवावं लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये वर्षाच्या सुरुवातीला आराखडा द्यायचा आणि दर तिमाहीला अहवाल. पेनसिल्व्हेनियात हायस्कूल पूर्ण म्हणायला किती वर्षं कोणता विषय हवा हेच कायद्यात दिलेलं आहे: इंग्रजी चार, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं तीन-तीन, कला आणि मानव्यविद्या मिळून दोन. आपल्या राज्याच्या शिक्षण विभागाचं पान स्वतः वाचा, प्रिंट काढून फाइलला लावा. ओळखीच्यांच्या सांगण्यावर विसंबू नका. त्यांचं राज्य वेगळं असतं किंवा त्यांची माहिती पाच वर्षांपूर्वीची असते. इतकं झालं की ही पायरी संपली.

दुसरी पायरी: शेवटाकडून मागे मोजत येणं

नववीच्या उन्हाळ्यात आठ-दहा कॉलेजं निवडा. ही अर्ज करायची यादी नाही, नमुन्यासाठी आहे. त्यात तुमच्या राज्याचं मोठं सरकारी विद्यापीठ हवं, एखादं लहान लिबरल आर्ट्स (कला-विज्ञानांचं व्यापक शिक्षण देणारं) कॉलेज हवं, एखादं तंत्रशिक्षणाचं हवं आणि जवळचं कम्युनिटी कॉलेजही हवं. प्रत्येकाच्या संकेतस्थळावर घरी शिकलेल्या विद्यार्थ्यांसाठी काय लिहिलंय ते शोधा आणि एका तक्त्यात उतरवा: किती वर्षं कोणते विषय, एसएटी किंवा एसीटी (कॉलेज प्रवेशाच्या देशभरच्या परीक्षा) लागते का, शिफारसपत्रं किती, अभ्यासक्रमाची वर्णनं मागतात का. हे काम मुलाने किंवा मुलीने स्वतः करावं, आपण शेजारी बसावं. माझ्या मुलाने हा तक्ता भरला आणि परदेशी भाषेची तीन वर्षं कशासाठी, हा रोजचा वाद आमच्या घरात थांबला.

तक्ता भरला की बहुतेक ठिकाणचं चित्र सारखंच दिसेल. चार वर्षं इंग्रजी, तीन ते चार वर्षं गणित, तीन वर्षं विज्ञान आणि त्यातली दोन तरी प्रयोगांसह, तीन वर्षं सामाजिक शास्त्रं, एकाच परदेशी भाषेची किमान दोन वर्षं. निवडक कॉलेजं प्रत्येकात एकेक वर्ष जास्त पाहतात.

खरी कसरत गणिताची. बारावीत कॅल्क्युलस करायचा असेल तर अकरावीत प्री-कॅल्क्युलस, दहावीत अल्जेब्रा टू, नववीत जॉमेट्री आणि आठवीतच अल्जेब्रा वन झालेलं लागतं. इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्राकडे कल असेल तर ही साखळी आजच कागदावर मांडा. एखादी कडी मागे असेल तर एका उन्हाळ्यात जॉमेट्री पूर्ण करता येते. पण बारावीत हे लक्षात आलं तर हातात उन्हाळा उरलेला नसतो. उलट, मुलाला इतिहासात किंवा संगीतात गती असेल तर कॅल्क्युलसच्या मागे त्याची दमछाक करू नका. संख्याशास्त्राचा एक चांगला वर्ग त्याला आयुष्यभर पुरेल.

दोन ठिकाणी विशेष सावध राहा. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे यूसी, ‘ए ते जी’ अशा सात गटांत मिळून १५ वर्षभराचे कोर्सेस मागतं, त्यातले ११ अकरावीअखेर झालेले हवेत, आणि ते यूसीने मान्य केलेल्या यादीतले हवेत. आईने घरी शिकवलेला कोर्स त्या यादीत नसतो. शिवाय २०२१ पासून यूसी प्रवेशासाठी एसएटी-एसीटीचे गुण पाहतच नाही, म्हणजे इतर ठिकाणी चालणारी ही साक्ष तिथे चालत नाही. तिथे कम्युनिटी कॉलेज हाच सर्वांत सरळ मार्ग, कारण यूसीला चालणारा तिथला एक सेमिस्टरचा कोर्स हायस्कूलच्या एका वर्षाबरोबर धरला जातो. दुसरं ठिकाण खेळाचं. मूल कॉलेजच्या संघात खेळण्याइतकं चांगलं पोहत असेल, धावत असेल, तर एनसीएए, म्हणजे कॉलेजांमधल्या खेळांची नियामक संस्था, मुख्य विषयांतल्या १६ कोर्सेसचा हिशेब मागते, आणि डिव्हिजन वनसाठी, म्हणजे सर्वांत वरच्या गटासाठी, त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी झालेले लागतात. त्यासाठी कोणती पुस्तकं वापरली, कोणी शिकवलं, गुण कसे दिले हे सगळं लिहून द्यावं लागतं. हे नववीपासूनच टिपून ठेवा.

तिसरी पायरी: कोर्स उभा करणं

एक क्रेडिट, म्हणजे एका विषयाचं वर्षभराचं काम, साधारण १२० तासांचं. ही मोजणी शंभरहून अधिक वर्षं चालत आलेली आहे, तिला कार्नेगी युनिट म्हणतात. ३६ आठवड्यांच्या वर्षात ती रोजच्या चाळीस-पन्नास मिनिटांत बसते. तास मोजायचे किंवा क्रमिक पुस्तक पूर्ण केलं की एक क्रेडिट धरायचं, दोन्ही पद्धती चालतात. एकाच ट्रान्सक्रिप्टवर मात्र एकच पद्धत ठेवा. वर्षाला सहा-सात क्रेडिट्स पुरतात. आपल्याकडचे पालक दहा-दहा विषय लावतात. मग मूल कशातच खोल उतरत नाही, आणि घरी शिकण्याचा जो सर्वांत मोठा फायदा, वेळ, तोच आपण गमावून बसतो.

घरी शिकणाऱ्या मुलाचा अर्ज उठून दिसतो तो याच वेळेमुळे. माझ्या मुलीला दहावीत गुरूच्या चंद्रांचं वेड लागलं. एक साधी दुर्बीण, स्टँड आणि रेघांची वही. आभाळ निरभ्र असेल त्या रात्री ती अंगणात जायची आणि गुरूच्या दोन बाजूंना त्याचे चार मोठे चंद्र कुठे दिसतात ते ठिपके काढून वेळेसकट लिहायची. आठवड्याभरात तिच्या लक्षात आलं की त्या चारांतला सगळ्यांत आतला चंद्र, आयो, दुसऱ्या रात्री भलत्याच बाजूला असतो. मग ती रात्रीतून दोनदा उठायला लागली. दोन महिन्यांच्या नोंदींवरून तिने त्याच्या फेरीचा काळ काढला, साधारण ४३ तास. खरा आकडा साडेबेचाळीसच्या आसपास आहे. चारही चंद्रांची अंतरं आणि काळ केप्लरच्या नियमात बसवले तेव्हा पहाटे पाचला तिने मला उठवून तो आलेख दाखवला होता.

हे सगळं मी नुसतं ‘छंद’ म्हणून अर्जाच्या कोपऱ्यात टाकलं असतं तर कोणाला काय कळलं असतं? आम्ही त्याचा कोर्स केला आणि वर्णन असं लिहिलं:

‘खगोलशास्त्र, प्रयोगासह. दहावी, १ क्रेडिट. आठवड्याला सुमारे ५ तास, ३६ आठवडे. विषय: आकाशगोल, ग्रहगती आणि केप्लरचे नियम, गुरुत्वाकर्षण, ताऱ्यांचे वर्णपट, ताऱ्यांचा जीवनक्रम. प्रयोग: दुर्बिणीतून ४१ रात्रींची निरीक्षणं, आयोच्या परिभ्रमणकाळाचं मापन आणि त्यातल्या त्रुटींचा अंदाज. मूल्यमापन: निरीक्षणवही ४० टक्के, चार लेखी परीक्षा ४० टक्के, अंतिम अहवाल २० टक्के.’

खाली क्रमिक पुस्तकाचं नाव. बस्स. प्रत्येक कोर्सला सात-आठ ओळींचं असं वर्णन पुरतं. विशेषणं एकही नको. ‘सखोल’, ‘उत्कृष्ट’, ‘सर्वांगीण’ हे शब्द काढून टाका आणि त्यांच्या जागी मुलाने केलेली एक ठोस गोष्ट लिहा.

भाषेच्या क्रेडिटबद्दल. बरेच जण विचारतात, मराठी धरता येईल का? घरी नुसती बोलतो म्हणून धरू नका. वाचन, लेखन, व्याकरण, साहित्य असं वर्षभर रीतसर शिकवलं असेल तर जरूर धरा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा इथल्या कितीतरी शहरांत भरतात, त्यांचा अभ्यासक्रम ठरलेला असतो. तिथली उपस्थिती आणि परीक्षा हीच तुमची तिऱ्हाईत साक्ष. तरीही तक्त्यातल्या प्रत्येक कॉलेजला ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मुलाला स्पॅनिश किंवा फ्रेंचची खरी ओढ असेल तर मराठी तिच्या जोडीला राहू द्या.

चौथी पायरी: साक्ष कुठून आणायची

माझा सगळ्यांत जास्त भरवसा कम्युनिटी कॉलेजवर आहे. हायस्कूलमध्ये असतानाच तिथले वर्ग घेण्याला ड्युअल एनरोलमेंट म्हणतात. मिनेसोटा, वॉशिंग्टन, ओहायो अशा राज्यांत त्यासाठी खास सरकारी योजना आहेत आणि घरी शिकणाऱ्या मुलांनाही त्यांत ट्यूशन फी पडत नाही; बाकी राज्यांत नियम वेगवेगळे आहेत. एका सेमिस्टरचा तीन क्रेडिट्सचा कॉलेज कोर्स बहुतेक पालक हायस्कूलचं एक पूर्ण क्रेडिट धरतात. फायदा तिहेरी आहे: दुसऱ्याने दिलेला गुण, प्रयोगशाळा, आणि शिफारसपत्र लिहू शकणारा प्राध्यापक. पहिला वर्ग दहावीच्या शेवटी किंवा अकरावीत, मुलाच्या आवडीच्या विषयाचा, आणि एकच. कारण तो गुण कायमचा असतो. पुढे मेडिकल स्कूलला अर्ज करताना हायस्कूलच्या काळात घेतलेले कॉलेजचे कोर्सेससुद्धा जीपीएत, म्हणजे श्रेणींच्या सरासरीत, मोजले जातात. पंधराव्या वर्षी रसायनशास्त्रात पडलेला ‘सी’ बाविसाव्या वर्षी समोर येऊन उभा राहतो. मूल तयार नसेल तर थांबा.

एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयवार परीक्षा, मे महिन्यात होतात, गुण १ ते ५. घरच्या मुलाला त्या द्यायला एखाद्या शाळेने आपल्याकडे बसू द्यावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी शाळांवर तशी सक्ती नसते. पहिल्या वर्षी मी ऑक्टोबरअखेरीस फोन करायला घेतले. तीन शाळांनी नाही म्हटलं, एकीने फोनच उचलला नाही, आणि शेवटी पन्नास मैलांवरच्या एका शाळेने होकार दिला तेव्हा नोव्हेंबरची मुदत संपायला चार दिवस उरले होते. म्हणून सांगते, ऑगस्टमध्ये शाळा उघडताच एपी को-ऑर्डिनेटरला ईमेल करा. होकार मिळाला की परीक्षेच्या नोंदणीसाठी जॉइन कोड मागून घ्या. आणखी एक: या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून अभ्यासक्रम तपासून मान्य करून घेतल्याशिवाय ट्रान्सक्रिप्टवर कोर्सच्या नावापुढे ‘एपी’ लिहिता येत नाही. मान्यता नसेल तर ‘ऑनर्स’ लिहा आणि परीक्षेचा गुण वेगळा नोंदवा.

एसएटी आता संगणकावर होते, सव्वादोन तासांची. बरीच कॉलेजं ती ऐच्छिक म्हणतात. एमआयटीने २०२२ मध्ये आणि डार्टमथ, हार्वर्ड, कॅलटेक यांनी २०२४ मध्ये ती पुन्हा सक्तीची करत असल्याचं जाहीर केलं. माझं मत विचाराल तर, घरी शिकलेल्या मुलाने ती ऐच्छिक समजूच नये. शाळेतल्या मुलामागे शाळेचं नाव असतं, आपल्या मुलामागे काय आहे? अकरावीच्या वसंतात पहिल्यांदा द्यावी, गरज पडली तर ऑगस्टमध्ये पुन्हा. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं. शाळेचं कार्ड नसल्यामुळे पासपोर्ट चालू स्थितीत आहे ना, ते आधी पाहा. पीएसएटी, म्हणजे एसएटीची पूर्वपरीक्षा, अकरावीच्या ऑक्टोबरात असते आणि नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीचा रस्ता तिथूनच जातो. तीसुद्धा शाळांमध्येच होते, तेव्हा तिचीही चौकशी उन्हाळ्यापूर्वीच करायची.

पाचवी पायरी: नोंदी

महिन्याच्या शेवटच्या रविवारी एक तास. एका फाइलमध्ये प्रत्येक कोर्सचं नाव, वापरलेली पुस्तकं, झालेली प्रकरणं, परीक्षांचे गुण. दुसरीत वाचलेल्या पुस्तकांची यादी. तिसरीत बाहेरची कामं, तारखा आणि आठवड्याचे तास. प्रत्येक विषयातला वर्षाचा एक उत्तम निबंध किंवा अहवाल, शेऱ्यांसकट, जपून ठेवा. काही कॉलेजं नमुना मागतात. बारावीत बसून चार वर्षं आठवायला गेलात तर निम्मंच आठवेल.

ट्रान्सक्रिप्ट एका पानाचं असावं. मुलाचं नाव, जन्मतारीख, तुमच्या घरच्या शाळेचं नाव, वर्षवार कोर्सेस, क्रेडिट, श्रेणी, जीपीए, श्रेणी कशी दिली त्याची दोन ओळींची टीप, हायस्कूलच्या पदवीची तारीख, तुमची सही. कम्युनिटी कॉलेजच्या कोर्ससमोर खूण करा आणि तिथलं ट्रान्सक्रिप्ट वेगळं पाठवा. आणि गुण प्रामाणिक द्या. सगळ्या रकान्यांत ‘ए’ आणि एसएटीच्या गणितात ५२० असं शेजारी शेजारी दिसलं की बाकीच्या पानावरचाही विश्वास उडतो.

सहावी पायरी: कॉलेजची यादी, आणि व्हिसाचा प्रश्न

अकरावीच्या हिवाळ्यात खरी यादी करायला बसा. इथे आपल्या कुटुंबांचा एक वेगळा प्रश्न आहे, त्यावर कोणी मोकळेपणाने बोलत नाही. मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर फॅफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा अर्ज, भरता येतो, आई-वडील एच-वन बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी. फॅफ्सा साधारणपणे १ ऑक्टोबरला उघडतो, आणि घरी शिकल्याने केंद्राच्या मदतीत अडचण येत नाही. पण मूल एच-फोरवर, म्हणजे आई-वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, असेल तर केंद्र सरकारची मदत मिळत नाही, पगारी इंटर्नशिप करता येत नाही, आणि २१व्या वर्षी एच-फोर संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच. मग बहुतेकांना एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं. राज्यातल्या रहिवाशांची सवलतीची फी एच-फोरच्या मुलाला लागू होते की नाही हे राज्या-राज्यावर आहे. काही खासगी कॉलेजं अशा मुलाला परदेशी विद्यार्थी धरतात आणि मदतीचे नियम बदलतात. यादीतल्या प्रत्येक कॉलेजला हा प्रश्न लेखी विचारा. मुलालाही हे अकरावीत स्पष्ट सांगा. मुलं हे समजून घेतात. प्रवेश मिळाल्यावर कळलं तर मोडून पडतात.

पैशांचा अंदाज घ्यायला प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. संध्याकाळी नवरा-बायको दोघांनी मिळून तो भरा. छापील फी पाहून घाबरू नका आणि नाव पाहून हुरळून जाऊ नका. यादीत निदान दोन कॉलेजं अशी हवीत, जिथे प्रवेश जवळजवळ नक्की आहे, फी परवडते आणि मूल आनंदाने जाईल. तिसरी अट लोक विसरतात.

सातवी पायरी: बारावीचा पावसाळा सरता सरता

कॉमन ॲप, म्हणजे अनेक कॉलेजांना एकत्र अर्ज करायचं संकेतस्थळ, १ ऑगस्टला उघडतं. २० पर्यंत कॉलेजं, १० उपक्रम, ६५० शब्दांचा निबंध. मूल ‘घरी शिकलो’ असं नोंदवतं आणि समुपदेशकाच्या जागी तुमचं नाव टाकतं. मग तुम्हाला स्वतंत्र खातं मिळतं, ज्यातून स्कूल रिपोर्ट, ट्रान्सक्रिप्ट, शाळेची ओळख आणि समुपदेशकाचं पत्र पाठवायचं असतं. घरी का शिकवलं, गुण कसे दिले, हेही तिथे विचारतात. शाळेची ओळख म्हणजे एक पान: आमची पद्धत काय, क्रेडिट कसं मोजलं, बाहेरचे वर्ग कोणते. कोर्सची वर्णनं त्याला जोडता येतात.

पत्रात आई म्हणून लिहू नका. मूल किती गुणी आहे हे सांगण्यापेक्षा काय पाहिलं ते सांगा. मी आयोच्या वहीचा एक परिच्छेद लिहिला, आणि मुलीने पहिल्या मापनातली चूक स्वतः कशी शोधली ते. शिक्षकांची शिफारसपत्रं मात्र घरातल्या कोणाचीही चालत नाहीत. अकरावीच्या मे महिन्यातच प्राध्यापकांना भेटून विचारायचं, कारण ऑक्टोबरात त्यांच्याकडे रांग लागलेली असते. लवकरच्या (‘अर्ली’) अर्जांची मुदत बहुधा १ नोव्हेंबरला, नेहमीच्या अर्जांची जानेवारीच्या सुरुवातीला. यूसीचा अर्ज वेगळा, तो नोव्हेंबरअखेरपर्यंत. तिथे शिफारसपत्रं साधारणपणे मागतही नाहीत.

जानेवारी-फेब्रुवारीत पहिल्या सेमिस्टरच्या गुणांचा मिड-इयर रिपोर्ट जातो. तो समुपदेशक म्हणून तुम्हीच पाठवायचा, आठवण करायला कोणी नसतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. प्रवेश घ्यायचा निर्णय बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कळवायचा. त्यानंतर जूनमध्ये फायनल रिपोर्ट आणि पदवीची तारीख घातलेलं अंतिम ट्रान्सक्रिप्ट. काही कॉलेजं ते नोटरीच्या शिक्क्यासह मागतात, म्हणून पत्ता, शिक्का आणि लिफाफा यांची चौकशी मे महिन्यातच करा. मुलीच्या वेळी बँकेतल्या नोटरीने शाळेच्या नावाखाली आमच्या घराचा पत्ता वाचला आणि विचारलं, प्राचार्य कोण? मी सही केली, तिने शिक्का मारला, आणि लिफाफा मुलीनेच चिकटवला.